सुकाणू ज्या बाजूस फिरवावे

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. खांदा कसा आहे? ताई लिहिते, की दाजींना आता भाजीची पिशवीही उचलवत नाही (पूर्वी उचलत होते, हे मला नवीनच). 'नदीवरची होडी विकू, की तू येऊन चालवतोस?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, क्षमा असावी. पुढचं वाचलंत की मला बोलावण्याचा विचार तुम्हीच सोडाल.

परवा सकाळी देवापुढे हात जोडले आणि थेट धक्क्यावर गेलो. आमच्या शब्दकोश कचेरीचा दंडकच आहे, वस्तूला हात लावल्याशिवाय तिच्या शब्दाची नोंद पक्की करायची नाही. (मागे 'विंचू' आला तेव्हा सगळा विभाग रजेवर होता.) माझ्या वाट्याला 'सुकाणू' आलं. शब्द बराच फिरलेला. आला अरबीतून, आणि तिथे त्याच्याशी जुळणाऱ्या धातूचा अर्थ स्थिर होणे, वस्ती करणे. इंग्रजांचा 'रडर' वल्ह्याच्या कुळातला. संस्कृतात सुकाणू म्हणजे चक्क कर्ण, कान. आणि तो धरणारा कर्णधार. (त्या न्यायाने आमचे गावचे गुरुजी निष्णात कर्णधार, आणि मी त्यांची जुनी होडी.)

ज्याच्या होडीत जाऊन बसलो होतो, त्या तांडेलाने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि "बरं, धरा कान, मी चहा घेऊन येतो," म्हणून तो उतरला. होडी बांधलेली आहे अशी त्याची समजूत. दोर मी मघाशीच सोडला होता, गाठ कशी मारतात ते पाहायला ('गाठ' ही नोंदही माझ्याकडेच आहे).

होडी निघाली. समोर बंदराच्या साहेबांची नवी पांढरी लाँच. मला डावीकडे जायचं होतं, म्हणून सुकाणूचा दांडा डावीकडे दाबला. माझ्याच नोंदीत लिहिलं होतं, 'सुकाणू ज्या बाजूस फिरवावे त्या बाजूस नाव वळते.' नाव उजवीकडे वळली. तिने नोंद वाचली नव्हती. धक्क्यावरून तांडेल ओरडला, "अहो पंडित, उलटं दाबा, उलटं!" देवाचं नाव घेऊन उलटं दाबलं, पण तोवर लाँचचा रंग आम्हाला आणि आमचा लाँचला लागला होता. साहेब बाहेर आले. "कुठे शिकलात हे?"

"शिकलो नाही," मी खरं ते सांगितलं, "मीच लिहिलंय."

तेव्हा दाजी, असा माणूस होडीत घेणं म्हणजे विकतचं दुखणं. होडी खुशाल विकावी. ताईला नमस्कार.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. उलटं दाबलं तेव्हा पाण्याने दांडा माझ्या हातातून ओढून पाहिला. इतकी वर्षं शब्द हाताळले दाजी, एकानेही कधी असा हात ओढला नाही. ती ओढ अजून तळहातात आहे. होडी विकू नका. मी येतोय, शिकवायचं मात्र तुम्हालाच.

ता. ता. क. सुकाणूची नोंद दुरुस्त करून दिली, सोबत राजीनामाही दिला. दोन्ही मंजूर झालं. (राजीनामा आधी.)