१९८४ च्या वहीतला आठवा डाव

लिहून ठेवणार : मनोहर त्र्यंबक पिंपळखुटे, वय ७३, मूळ राहणार धंतोली, नागपूर, हल्ली मुक्काम टॉबिन क्रीक, पेनसिल्व्हेनिया. टॉबिन क्रीक विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयातून निवृत्त. त्याच विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा अधिकृत स्कोअरर, १९७४ ते २००१.

मी पूर्ण शुद्धीत आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेलो आणि त्यांच्या कागदावर माझी जन्मतारीख चुकीची पडली होती तीही दाखवली. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. त्यांची नावे पुढे येतील.

मराठीत लिहिण्याचे कारण सांगतो. इंग्रजी मृत्युपत्र वकिलाकडे आहे. पण वकील या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे, आणि त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर १९८४ च्या संघाचा फोटो आहे. ज्या माणसाच्या भिंतीवर तो फोटो आहे त्याच्याकडे मी माझ्या स्कोअरच्या वह्यांबद्दल अक्षर बोलणार नाही. हे कागद नंतरचे आहेत. दोहोंत फरक पडला तर हेच खरे धरावेत.

कलम १. राहते घर पत्नी शोभा हिला. एक अट आहे. तळघराची किल्ली विद्यापीठातल्या कोणालाही द्यायची नाही, पाइप तपासायला आला असला तरी. जूनमध्ये असा एक जण आला होता. पाइप तपासणाऱ्याला कपाटात काय आहे हे विचारायचे कारण नसते. शोभाने त्याला चहा दिला.

कलम २. बँकेतले निम्मे शोभाला, उरलेले सत्यजित आणि देवयानी यांना सारखे. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. कन्या देवयानी हिला तिच्या आजीच्या पाटल्या आणि माझी सर्व पुस्तके. जावई प्रताप, राहणार नोव्हाय, मिशिगन, यांना माझी हत्यारांची पेटी. प्रताप मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, माणूस सरळ आहे, असे मी परवापर्यंत समजत होतो. गणपतीला आले तेव्हा म्हणाले, बाबा, त्या वह्या मी स्कॅन करून देतो, जपून राहतील. मी विचारले, ही कल्पना तुमची का? ते म्हणाले, हो. मग जरा थांबून म्हणाले, विद्यापीठाच्या एका बाईंचा ई-मेल आला होता. म्हणजे ती बाई नोव्हायपर्यंत पोचली होती. पेटी त्यांना देत आहे. पेटीत तळघराच्या कपाटाची जादा किल्ली असायची, ती मी काढून घेतली आहे.

कलम ४. वह्या. कपाटात अठ्ठावीस मोसमांच्या अठ्ठावीस आहेत. त्यांच्याखाली माझ्या आधीच्या स्कोअररांच्या जितक्या वाचल्या तितक्या.

संघ १९०८ चा. रेल्वे यार्डाशेजारची खडी पोरांनी हाताने उचलून मैदान केले आणि पहिल्या वर्षी नऊपैकी आठ सामने हरले. शताब्दी समितीच्या पत्रकात याला 'गौरवशाली आरंभ' म्हटले आहे. १९४३ ते ४५ संघच नव्हता, सगळे युद्धावर गेले होते. पन्नासच्या दशकातल्या दोन वह्यांत एका प्रशिक्षकाच्या बायकोने सफरचंदाच्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाची कृती लिहून ठेवली आहे, त्यामुळे दोन सामन्यांचा निकाल कायमचा गेला. कॉन्फरन्सची, म्हणजे आमच्या विद्यापीठांच्या गटाची, अजिंक्यपदे अकरा. समिती बारा सांगते, पण १९५९ ची अंतिम लढत पावसाने झालीच नव्हती आणि चषक दोघांत वाटला होता. विभागीय स्पर्धेत चार वेळा. ओमाहाला, जिथे देशाची अंतिम फेरी होते, एकदाही नाही. १९८४ साली एका सामन्याने हुकले. दोन खेळाडू मोठ्या लीगमध्ये गेले, त्यांतला एक अकरा दिवसांसाठी.

आणि नो-हिटर, शंभर वर्षांत शून्य.

नो-हिटर म्हणजे गोलंदाजाने समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट न देणे. फलंदाज स्वतःच्या फटक्याच्या बळावर पहिल्या तळावर, म्हणजे बेसवर, पोचला तर ती हिट. क्षेत्ररक्षकाच्या हातून सोपा चेंडू सुटला म्हणून पोचला तर ती एरर, आणि एरर गोलंदाजाच्या नावावर लागत नाही. हिट की एरर हे अंपायर ठरवत नाही. स्कोअरर ठरवतो. एकटा.

मला हे नवे होते. मी नागपूरला क्लबांच्या क्रिकेट सामन्यांचे गुणलेखन करत असे. ते मला एकनाथ मास्तरांनी शिकवले. मास्तरांच्या हाताखाली पेन्सिल चालत नसे. पेन्सिल धरणाऱ्याला खोडायचे असते, असे ते म्हणत. दुसरी शिस्त अशी, की चेंडू पडला की आधी टिंब, मग मान वर. एकही टिंब मागे राहता कामा नये. क्रिकेटात स्कोअररला मत नसते, तो फक्त झाले ते लिहितो. ती शिस्त घेऊन मी इकडे आलो. इथले लोक पेन्सिलने लिहितात आणि प्रत्येक चेंडूची नोंद ठेवत नाहीत. मी शाईने लिहिली आणि प्रत्येक चेंडूची ठेवली. अठ्ठावीस वर्षे लोक माझ्या वह्या बघायला येत आणि मी फुगून जाई.

कलम ५. शताब्दी समितीस काहीही नाही. फेब्रुवारीत त्यांचे पत्र आले की पुस्तक निघते आहे आणि '१९८४ च्या नोंदीचा पुनर्विचार' करावा. मार्चमध्ये फळांची टोपली आली. एप्रिलमध्ये आमंत्रण आले की शताब्दीच्या सामन्यात पहिला चेंडू मी टाकावा. माझा उजवा खांदा वर जात नाही हे त्यांना ठाऊक आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नो-हिटर हवा आहे त्यांना, दुसरे काही नाही. फळे मी खाल्ली नाहीत. शोभाने खाल्ली.

कलम ६. रे कोवाल्स्की. १९८४ चा गोलंदाज. आता इथल्याच हायस्कूलमध्ये शिकवतो आणि आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतो. २००१ साली माझे हृदयाचे ऑपरेशन झाले त्या हिवाळ्यापासून आमच्या दारातला बर्फ तो काढतो. मी न सांगता, सकाळी शाळेला जाण्याआधी. सात हिवाळे झाले आणि त्या सामन्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. माणूस इतका गप्प राहतो तेव्हा त्याला काहीतरी हवे असते, असे मी शोभाला म्हणालो. ती म्हणाली, "त्याला बर्फ काढायचाय, बाकी तुमच्या डोक्यात आहे." त्याला बर्फ काढायचे माझे यंत्र द्यावे. ते चालत नाही, पण प्रताप दुरुस्त करून देतील.

कलम ७. हे लिहायला मला चार आठवडे लागले. वरची सहा कलमे मी एका दुपारी लिहिली.

५ मे १९८४, शनिवार. टॉबिन क्रीकच्या तीन धावा, पाहुण्यांची एकही नाही. नऊ डावांपैकी आठवा, एक बाद. रेने तोवर एकही हिट दिलेली नव्हती. एक सरपटता फटका शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेला आणि त्याच्या हाताला लागून मागच्या गवतात निघून गेला. फलंदाज पहिल्या तळावर पोचला. मी हिट लिहिली. नंतर रेने एकही दिली नाही. सामना जिंकला, पण नो-हिटर गेला.

शॉर्टस्टॉप होता माझा मुलगा, सत्यजित. पाच वर्षांचा असताना नागपूरहून आणलेला, आणि या संघात खेळलेला आपल्यातला पहिला.

गावाने जे समजायचे ते समजले. बापाने पोराच्या नावावर एरर लागू दिली नाही. प्रशिक्षक त्या संध्याकाळी घरी आले, हातात सफरचंदाच्या पायची बशी घेऊन. नियमाप्रमाणे चोवीस तासांत निर्णय बदलता येतो, एवढेच ते म्हणाले. मला ती बशी दिसली आणि मी त्यांना दाराबाहेरूनच परत पाठवले.

ते गेल्यावर सत्यजित तळघरात आला. गणवेश अजून अंगावर होता, गुडघा मातीने लाल. मी वही मिटून बसलो होतो.

तो म्हणाला, "बाबा, आय हॅड इट. ग्लव्हमध्ये आला होता, मीच सोडला. ती माझी एरर आहे. प्लीज, चेंज करा ना."

मी म्हणालो, "तुला कोणी पाठवलं?"

 तो जिना चढून गेला.

त्याला कोणी पाठवले नव्हते. हे मला त्याच क्षणी कळले होते, तरी मी हाक मारली नाही. पुढचे तीन आठवडे मैदानावर त्याच्या पायापाशी चेंडू आला की त्याचेच सोबती ओरडत, डॅडीला विचार, डॅडीला विचार. विभागीय स्पर्धेत आम्ही त्या एका सामन्याने हरलो तेव्हा त्याच्या दोन एरर झाल्या. त्या मी लिहिल्या, काटेकोर लिहिल्या, लोकांनी पाहावे म्हणून. पुढच्या वर्षी तो संघात गेला नाही. शिकला, सांता क्लाराला गेला, तिथे त्याचे चांगले चालले आहे. दर रविवारी फोन करतो. आईशी अर्धा तास बोलतो. माझ्याशी हवामान.

आता जे कोणाला माहीत नाही ते लिहितो.

मी मुलाला वाचवले नाही. मी तो चेंडू पाहिलाच नाही.

रे फार भराभर टाकत असे. आधीचा चेंडू बॉल की स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या टप्प्याबाहेर की आत, याचे टिंब मी शाईने भरत होतो. आधी टिंब, मग मान वर. बॅटचा आवाज आला तेव्हा माझी मान खाली होती. वर केली तेव्हा चेंडू गवतात होता आणि फलंदाज तळावर उभा होता. आणि माझ्या हाताने नागपूरच्या सवयीने लिहिले : बॅटला लागला, माणूस पोचला, त्याच्या नावावर. शाईने. लिहून झाल्यावर मला कळले की इथे मला मत द्यायचे होते, आणि मत द्यायला माझ्याकडे काही नव्हते.

शेजारी बसलेल्या कोणालाही विचारता आले असते. मी विचारले नाही. ज्याच्या वह्या बघायला लोक येतात त्याने सामन्यातला सर्वांत मोठा चेंडू पाहिला नाही, हे सांगण्यापेक्षा मुलाची बाजू घेणारा बाप म्हणवून घेणे मला सोपे वाटले. बाप म्हणून बदनामी झाली तर लोक हसून सोडून देतात. स्कोअरर म्हणून झाली असती तर वही काढून घेतली असती. म्हणून मी लोकांचा संशय तसाच राहू दिला, आणि तो सगळा सत्यजितला भोगावा लागला. मला याची लाज वाटते. मुलाने खरे सांगितले, आणि मी त्यालाच चोरासारखे विचारले.

त्या दिवसापासून मला सगळ्यांच्या हेतूचा वास येतो. समिती, पाइपवाला, जावई, बर्फ काढणारा रे. समितीचा हेतू खोटा आहे यावर मी आजही ठाम आहे. पण तिची मागणी बरोबर आहे.

कलम ८. म्हणून :

५ मे १९८४ च्या आठव्या डावातला माझा निर्णय हा पाहणाऱ्याचा निर्णय नव्हता आणि तो कोणी ग्राह्य धरू नये. तो चेंडू जवळून पाहणारा एकच माणूस आहे. त्याने त्याच संध्याकाळी, चोवीस तासांच्या आत, स्कोअररला सांगितले होते.

१९८४ ची वही सत्यजितला. ती त्याने समितीला द्यावी, रेला द्यावी, किंवा ओढ्यात टाकावी. त्या चौकटीत काय लिहायचे ते त्याने ठरवावे. काहीच लिहायचे नसेल तर तेही चालेल, चोवीस वर्षांनी स्वतःच्या नावावर एरर मागून घेण्याचे त्याच्यावर बंधन नाही. या कलमाला मी एकही अट घातलेली नाही. बाकीच्या सत्तावीस वह्या शोभा सांगेल तिकडे जाव्यात.

शेवटचे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. कलम सात आणि आठ यांना ते लागू नाही. मेलेल्या बापाला कोणी जाब विचारू शकत नाही, आणि मीही त्याच सोयीसाठी हे मृत्युपत्रात लिहायला घेतले होते, हे मला काल रात्रीचे जेवण झाल्यावर शोभाला वाचून दाखवताना समजले.  ती म्हणाली, "हे त्याला आत्ता कळू दे. नाहीतर फाडून टाका." तिने एवढे एकच मागितले आहे, आणि तिला कोणी पाठवलेले नाही. तरी या दोन कलमांची प्रत आजच सत्यजितच्या पत्त्यावर रवाना करावी.

साक्षीदार. दोघेही विद्यापीठात शिकणारे, दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही याची मी खात्री केली आहे. त्यांनी मला सही करताना पाहिले. मजकूर वाचलेला नाही, असे ते म्हणतात.

१. देवदत्त रामटेके (सही)
२. राधिका खानोलकर (सही)

ठिकाण : टॉबिन क्रीक, पेनसिल्व्हेनिया
दिनांक : १८ ऑक्टोबर २००८, शनिवार

मनोहर त्र्यंबक पिंपळखुटे (सही)

सह्यांनंतर लिहिलेले : पाकीट पोस्टात दिले. बुधवारपर्यंत पोचेल. बुधवारी दुपारनंतर फोन वाजला तर शोभाने उचलू नये. मी उचलेन, आणि तो जे बोलेल ते पूर्ण ऐकून घेईन.