मोकळ्या फळ्या

श्री
ढाणकी, १६ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप फुलसिंगकाका यांसी अमरसिंगचा शि. सा. न. वि. वि.

इकडे समदे खुशाल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असन, तर सोनीताईकडून कळवा.

तुम्ही आर्णीले ताईकडे गेल्यापासून पैनगंगेवरचा डोंगा बा चालवते. गावात त्याले जर्मनचा डोंगा म्हणतात, माझ्या नागपूरच्या शाळेत जर्मनले ॲल्युमिनियम म्हणत. मिल्ट्रीच्या लिलावातला पत्रा अजून चमकते, पण बसायच्या तिन्ही फळ्या सडल्या. नागपूरहून आलो तवापासून त्याच घासून राह्यलो. काळा थर निघाला, खाली पांढरं लाकूड. नख रुतते, वजन काहीच नाही. पांगारा असन. काका, सागाच्या मुलखात पांगारा कायले लावला? अन् एकही फळी ठोकली नाही, नुसती टेकवली. माय म्हणते, भाऊजी आधीपासून कंजूसच.

माझ्या इंग्रजी पुस्तकात बोटीले सागवान सांगितलं आहे, पितळी स्क्रूनं घट्ट. तरी जुनं होतं तसंच करावं म्हणतो. बा म्हणते, मले काय माहीत, फुलसिंगले विचार. पोळ्याआधी डोंगा पाहिजे. लवकर लिहा.

लहानांवर माया आहे तशीच ठेवा.
अमरसिंग

श्री
आर्णी, ५ सप्टेंबर १९६१

चि. अमरसिंगले फुलसिंगकाकाचे अनेक आशीर्वाद.

पंधरा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात होतो. तुझं पत्र इथं पडून राह्यलं, आज सोनीनं वाचून दाखवलं.

बरोबर ओळखलं, पांगाराच. तुझ्या पुस्तकवाल्यानं पैनगंगेचा पूर पाह्यला नसन. बसायले सागच चांगला. पण फळी बसायले नसते बापू, धरायले असते. डोंगा उलटला की पत्रा बुडते अन् पांगारा मोकळा होऊन वर येते. एकदा एकाच फळीले लटकून आम्ही तिघं काठाले लागलो. म्हणून ठोकायची नाही. दादा तर दगडासारखा पोहते, अन् त्यालेच हे सांगाचं राह्यलं. आपल्या शेताच्या धुऱ्यावर पांगारा आहे, तोच काप.

वहिनीले सांग, कंजूस म्हटल्याबद्दल पोळ्याले दोन पुरणपोळ्या दंड.

काकाची आठवण ठेवजो.
फुलसिंग

ढाणकी, १५ सप्टेंबर १९६१

तीर्थरूप काका यांसी नमस्कार.

माणूस धाडला होता, बाची खबर भेटली असन. तुमचं पत्र आठ तारखेले आलं. बाले मसणात पोचवून घरी आलो, तर टपालवाला दारात उभा.

मी आठच दिवस थांबलो, काका. मग सागवान आणलं. एकेका फळीले आठ स्क्रू मारले. बानं हात फिरवून पाह्यला, म्हणे, “आता खुर्चीवानी झालं रे.”

सात तारखेले पुरात ओंडका आला, डोंगा उलटला. बा एकटाच होता. काठावरचे सांगतात, तो दोनदा वर आला, दोन्ही हातानं पाणी चाचपून राह्यला होता.

जुन्या फळ्या गोठ्यात पडल्या आहेत. काल मायनं त्यातली एक उचलून पाह्यली. किती हलकी आहे, एवढंच म्हणाली. तुमचं पत्र मी तिले अजून वाचून दाखवलं नाही.

डोंगा तिसऱ्या दिवशी सापडला. पत्रा फाटून गेला. फळ्या जागच्या जागी आहेत. एकही स्क्रू ढिला झाला नाही.

माया ठेवा, हे आता कोण्या तोंडानं लिहू.
अमरसिंग