तारखेची जागा

६ एप्रिल, रविवार

आज सकाळी फॅमिली ग्रुप सोडला. काल रात्री धाकट्या भावाच्या गुडघ्यांबद्दल मी चार परिच्छेद लिहिले, स्वल्पविरामांसकट. उत्तरादाखल सगळ्यांनी अंगठे पाठवले. स्वतः गुडघेवाल्यानेही.

विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात माझा जन्म गेला. शिव्या देणाऱ्या ग्राहकालासुद्धा आम्ही तीन ओळींचं उत्तर देत असू, खाली सही करून. अंगठा ज्याला सही येत नाही त्याने द्यायचा.

यापुढे ज्याला माझ्याशी संबंध ठेवायचा असेल त्याने पत्र लिहावं, नाहीतर फोन करावा.

रात्री: अजून कोणाचा फोन नाही. धक्का बसला असणार. सावरायला वेळ लागतोच.

९ एप्रिल

फोन नाही. बरंच झालं, कामाला निवांतपणा हवा.

काम म्हणजे छोटीच्या लग्नाची कार्डं. छोटी धाकट्याची मुलगी, माझी एकुलती एक भाची. गेल्या महिन्यात तिनेच फोन करून सांगितलं, जमलंय, मुलगा पूल बांधतो, उन्हाळ्यात अगदी साधं लग्न करू. कार्डांचा विषय निघाला नाही, कारण तो कधीच ठरलेला आहे. अकरा वर्षांची होती तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून, माझं लिहिणं बघत म्हणाली होती, "आत्या, माझ्या लग्नाची कार्डं तूच लिहायची हं." तोंडी का होईना, ऑर्डर आहे. रद्द झालेली नाही. रद्द न झालेली पॉलिसी चालू धरतात.

साठ कार्डं. कागदसुद्धा घरी बनवणार. दुकानातल्या चकचकीत कार्डाला हाताचा स्पर्श कुठे असतो.

१३ एप्रिल

जुनी वर्तमानपत्रं रात्रभर बादलीत भिजवली. रंगासाठी कांद्याची सालं. सकाळी मिक्सरमधून लगदा काढला, टबात ओतला आणि फोटोच्या जुन्या चौकटीला खिडकीची जाळी ठोकून त्यावर धरला. चौकटीत आमचा ऑफिसचा निरोप समारंभ होता. फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. नाहीतरी त्यात मी डोळे मिटलेली आहे.

पहिला कागद चपलेच्या तळव्यासारखा झाला. दुसरा जरा बरा, म्हणजे नव्या चपलेच्या. हात बसायला हवा.

जेवायला काकडीचं गार सूप: काकडी, दही, पुदिना, मीठ, मिक्सर. उन्हाळ्यात गॅस पेटवणारी माणसं मला कळत नाहीत. सुपाला किंचित करडी छटा आली होती. तळाशी एक बारीक काळं अक्षर सापडलं. मिक्सर आता दोनदा धुवायचा.

१७ एप्रिल

खालच्या मजल्यावरचा डेंटिस्ट वर आला. गॅलरीतून माझ्या कागदांचं पाणी त्याच्या बाकावर ठिबकतं म्हणे. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात डोक्यावर करडे थेंब. मी म्हटलं, तुमच्याकडून जाताना ते लाल थुंकतात, त्याबद्दल मी कधी बोलले का?

मग त्याला एक कागद भेट दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हा पायपुसणं म्हणून नाही ना?" दात काढून काढून माणसाची नजर मेली आहे.

तरी दहा मिनिटं बसला. या आठवड्यात घरात आलेला पहिला माणूस. तक्रारीसाठी का होईना, जिना चढून आला. नाहीतर आमच्या घरातले लोक बघा.

२४ एप्रिल

ऊन फार. वाळताना कागदांचे कान वर होतात. एकावर कबुतर चालून गेलं. ती नक्षी म्हणून ठेवणार होते, पण कबुतर नुसतं चालून थांबलं नाही.

उपाय काढला: कागदांवर फळी आणि फळीवर मी. रात्रीचं जेवण आता तिथेच. ताटली मांडीवर, खाली वीस कार्डं, वर छपन्न किलो अनुभव. उकडलेले बटाटे, गार झालेले, लिंबू आणि मिरपूड. सरळ बसायचं, नाहीतर दाब एकीकडे पडतो. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरना आनंद झाला असता. पाठीला बाक आला की त्या पट्टी लावून बघत.

बेल वाजली. फळीवरून उठावं लागलं. पार्सलवाला होता, चुकीच्या दारी आलेला. आला होता तर दोन मिनिटं बोलायला काय हरकत होती? जिन्यावरूनच पळाला.

२ मे

साठ पूर्ण. चौसष्ट केली होती, चार लगद्यात परत गेली.

आजपासून लेखन. पोपटी शाई, तिरकं निब. मजकूर मुद्दाम साधा: आमच्या छोटीचं लग्न अमुक दिवशी, अमुक वाजता, अवश्य यावं. सगळं लिहून झालं. फक्त दिवस आणि वेळ यांची जागा सोडली आहे, कारण अजून कोणी कळवलेलं नाही.

विचारणार नाही. कार्डवाल्याकडे तारीख घेऊन यजमानाने यायचं असतं. कार्डवाला दारोदार तारीख विचारत हिंडत नाही. शिवाय ठरलीच नसेल. आजकालच्या मुलांना जेवायला काय मागवायचं ते ठरवायला तास लागतो.

डेंटिस्टने विचारलं, कधी आहे लग्न? मी म्हटलं, बोलणी चालू आहेत.

६ मे

सोडलेल्या जागा बघून बघून डोळे दुखले. प्रत्येक कार्डाच्या मधोमध पडलेल्या दातासारखी फट. तोही विचार आता डेंटिस्टमुळेच सुचतो.

निर्णय: नमुना पसंतीसाठी सगळ्यांना जेवायला बोलवायचं. धाकटा, वहिनी, छोटी, पूलवाला. मी धरून पाच. कार्डं समोर ठेवली की तारीख आपोआप बाहेर येईल. रविवार, १८ मे, सकाळी अकरा. निमंत्रण अर्थातच पोस्टाने, माझ्याच कागदावर. ग्रुप सोडलेल्या बाईने आपणहून फोन करून "जेवायला या" म्हणणं म्हणजे थुंकलेलं चाटणं.

बेत: काकडीचं सूप, पुदिना घातलेले गार बटाटे, मीठ-मिरपूड भुरभुरलेलं कलिंगड, बर्फाचा लिंबू-चहा. आजच रंगीत तालीम केली. पाच जणांचं केलं, म्हणजे प्रमाण कळतं. तीन दिवस खाते आहे, म्हणजे खाणार आहे.

१० मे

पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईने माझं पाकीट बोटाने दाबलं आणि म्हणाली, आजी, हे चौकोनी, जाड आणि मध्ये पान चिकटवलेलं. मशिनमधून जाणार नाही, हाताने बाजूला काढतील, वेळ लागेल. मी तिला सांगितलं, हस्तकला आहे. ती म्हणाली, हो, म्हणूनच.

आजी कोणाला म्हणाली ते कळलं नाही. मागे एक म्हातारी उभी होती खरी.

शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचंय. आठ दिवस आहेत. कासवसुद्धा पोचेल.

१४ मे

वहिनीचा फोन! बाजारातून, मागे हा गोंगाट. फार घाईत होती. म्हणाली, "ताई, मग रविवारी भेटूच. उन्हाच्या आत या हं, सगळं उरकायचंय." पुढचं एका टेम्पोखाली गेलं. मी म्हटलं, सगळी तयारी आहे, काळजी करू नकोस. ती म्हणाली, तुमची तयारी असणारच, आणि हसली.

म्हणजे पत्र पोचलं. चार दिवसांत. पोस्टातल्या बाईला जाऊन सांगणार होते, पण मोठ्या मनाने सोडून दिलं.

"या हं" म्हणाली, "येतो हं" म्हणायचं असेल. वहिनीचं बोलणं पहिल्यापासून विस्कळीत.

१७ मे

माझ्याकडे खुर्च्या दोन. डेंटिस्टच्या वेटिंग रूममधून तीन आणल्या. त्यानेच वर पोचवल्या, म्हणाला, सोमवारी सकाळी मात्र हव्यात. त्यालाही जेवायला बोलावणार होते, पण सहावी खुर्ची नाही.

प्रत्येक ताटापाशी नावाचं कार्ड ठेवलं. पूलवाल्याचं नाव मला एकदाच सांगितलं होतं. त्याच्या कार्डावर "जावईबापू" लिहिलं. कार्डावर पूल काढला. गटारासारखा दिसतो, पण भावना पोचेल.

लवकर झोपते.

१८ मे, रविवार

सकाळी ८: सूप फ्रिजमध्ये. कलिंगड कापलं. साठ कार्डं टेबलाच्या मधोमध, रिबन बांधून.

११: गॅलरीत.

११.३०: उशीर. धाकटा शाळेतसुद्धा प्रार्थना संपल्यावर पोचायचा.

१२.१५: बर्फ विरघळला. दुसरा ठेवला. ऊन इतकं आहे, की कोणी मधेच सावलीला थांबलं असेल.

१.२०: धाकट्याचा फोन आला. मागे पुष्कळ माणसं, भांडी, हसणं. म्हणाला, "ताई, तू आहेस कुठे? लग्नाच्या सह्या केव्हाच झाल्या. सगळे तुझ्यासाठी जेवायचे थांबलेत. छोटी ताटावर बसत नाहीये."

मी टेबलाकडे पाहिलं. जावईबापूंच्या कार्डावर माशी बसली होती.

मी म्हटलं, "ऊन लागलंय रे. डोकं उठलंय. तुम्ही जेवून घ्या." तो म्हणाला, सकाळीच कळवायचंस, गाडी पाठवली असती. मी म्हटलं, ग्लुकोजचं पाणी घेतलंय. छोटीला आशीर्वाद दिला. मागे कोणीतरी तिला फोन नेऊन देत होतं, तेवढ्यात कट झाला. म्हणजे मीच केला.

४: कलिंगडाला पाणी सुटलं.

७: सूप दोन वाट्या घेतलं. चांगलं झालं होतं. उगाच म्हणत नाही, फार चांगलं झालं होतं.

१९ मे

डेंटिस्ट खुर्च्या न्यायला आला. कसा झाला कार्यक्रम, म्हणाला. मी म्हटलं, छान. त्याने टेबलाकडे पाहिलं, न वापरलेल्या ताटांकडे पाहिलं आणि अचानक माझ्या दाढेची चौकशी केली. मी त्याला बटाटे डब्यात भरून दिले. नको म्हणाला नाही.

कार्डांत चूक एकही नाही, हे लिहून ठेवते.

२२ मे

छोटीचा फोन. आधी ऊन उतरलं का विचारलं. मग म्हणाली, "आत्या, तुझं पाकीट आत्ता आलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अठराला जेवायला बोलावलंयस. म्हणजे तुला माहीतच नव्हतं?"

मी म्हटलं, पोस्ट खातं रसातळाला गेलंय. ती ऐकेना. तारीख ग्रुपवर टाकली होती. मी ग्रुपमध्ये नाही हे कळल्यावर तिला वाटलं बाबांनी सांगितलं, बाबांना वाटलं आईने, आणि आईला वाटलं, आत्या-भाचीचं रोज बोलणं होतं, आपण काय सांगायचं. हे शेवटचं ऐकून जरा बरं वाटलं. रोज बोलणं होतं असं कोणाला तरी वाटतं.

ती रडायला लागली. मी तिला सरळ बसायला सांगितलं. सरळ बसलं की रडू कमी येतं, सिस्टर म्हणत. मग म्हणाली, कार्डं दाखव ना. मी म्हटलं, कसली कार्डं? ती म्हणाली, "तू केली असणारच. मला माहितीये तू केली असणार." मी म्हटलं, असतील दोनचार.

परवा दोघं पुलाच्या गावाला जातायत. परत आल्यावर जेवायला येतो म्हणाली. कधी, विचारलं. या वेळी मीच विचारलं. म्हणाली, "दिवस ठरला की ग्रुपवर टाकते."

२५ मे, रविवार

तीन दिवस विचार केला. ग्रुपचा अ‍ॅडमिन माझा मामेभाऊ, गुड मॉर्निंगच्या गुलाबांचा घाऊक व्यापारी. त्याला चार ओळींचा अर्ज पाठवला: माझ्याकडून तांत्रिक कारणाने ग्रुप सुटला असून, वगैरे. त्याने अंगठा पाठवला आणि मला आत घेतलं.

लग्नाचे फोटो पाहिले. एकात लांब टेबल, मध्ये एक रिकामी खुर्ची. ताटापाशी छोट्या कार्डावर "आत्या". मोठं करून पाहिलं. छोटीचं अक्षर. तिरकं निब, कान्याला माझा झोक. बरं आहे. जोडाक्षर सुधारायला हवं.

दुपारी तिचा मेसेज: "आत्याकडे जेवायला जूनमध्ये कधीतरी, नक्की!" तारीख नाही.

उत्तर लिहायला बसले. सुपाबद्दल एक परिच्छेद झाला, खुर्च्यांबद्दल दुसरा. वाचला, खोडला. पुन्हा लिहिला. शेवटी अंगठा पाठवला.