मसुद्याचं पान

धार,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

चिरंजीव यशराज यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे ठीक. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा गुडघा. दोघांचं अलीकडे बरं जमतं. सोबत हलव्याची पुडी आहे. संक्रांत होऊन पाच दिवस झाले, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, तेव्हा उशिरावरून टोमणा मारू नकोस. या वर्षी हलवा जरा पिवळट झाला. काटा मात्र छान आलाय.

पत्र कृतिकाकडून मोठ्यानं वाचून घे. फोनवर म्हणते, "आत्या, मराठी पढ़ते-पढ़ते मैं बूढ़ी हो जाऊँगी." चौदाव्या वर्षी म्हातारी झाली तरी चालेल, पण आबासाहेबांच्या नातीला आत्याचं अक्षर लागलं पाहिजे.

कृतिके, आता कागद बाबांकडे दे. पुढचं त्यांनी वाचायचं आहे.

यशू, परवा लतिका आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, नालछ्याच्या शाळेत दुपारचं जेवण रांधते ती. म्हणाली, "दीदी, पाइपवाले अपने खूँटे उखाड़ के ले गए." तुझी कंपनी गॅसवाहिनीचा नालछ्याकडे वळणारा फाटा सोडून देणार, मोठी वाहिनी सरळ कारखान्यांकडे नेणार, महिनाअखेर ठरेल, असं तिच्या कानावर आलंय. तुला फिरतीवरून काढून देवासच्या ऑफिसात टेबलाशी बसवलंय, हेही तिच्याकडूनच कळलं. तू सांगितलं नाहीस. डिसेंबरपासून तू मला काहीच सांगितलेलं नाहीस.

तो फाटा कसा मंजूर झाला, ते मला ठाऊक आहे. दिवाळीत माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत तूच सांगत होतास. कंपनीचं म्हणणं, एवढ्याशा चुलींसाठी पैसा घातला तर तो निघणार कधी? आणि तुझं म्हणणं, "अक्का, मोठी वाहिनी एकदा पुढे गेली की गावासाठी मागे वळून कुणी फाटा काढत नाही. काढायचा तर आत्ताच." सहा महिने भांडून तू तो पदरात पाडून घेतलास. उरली होती फक्त गावाची संमती. आणि त्यासाठी डिसेंबरात नालछ्यात भरलेल्या सभेत, तुझ्यासमोर, मी उभी राहिले.

माझा मुद्दा मी आजही सोडत नाही. ज्याच्या शेताखालून वाहिनी जाते त्याच्या चुलीपर्यंत गॅस पोचलाच पाहिजे. आणि लांब राहतो म्हणून त्यानं जास्त पैसे मोजायचे, हा न्याय नव्हे. त्या दिवशी मी नियामक मंडळाचा कागद फडकवला. गॅस वाहून नेण्याचा दर अंतरावर, म्हणजे गाव जितकं लांब तितकी चूल महाग! पान, कलम, सगळं म्हणून दाखवलं. आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, "ओ भिया, कागज पढ़ के आए हो, कि बस टाई बाँध के चले आए?" लोक पोट धरून हसले. तू एवढंच म्हणालास, "मैडम, आप पूरा कर लीजिए." एकही सही न होता सभा उठली.

नंतर कळलं की माझ्या हातातला कागद मसुदा होता. अंतिम नियम वेगळा निघाला होता. घरगुती गॅसवरचा अंतराचा भार काढला होता. लांबच्या चुलीलाही जवळचाच दर. म्हणजे मी ओरडून मागत होते तेच.

'नंतर कळलं' हे खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे.

इंदूरची वक्तृत्व स्पर्धा आठवते? मी वीस वर्षांची, तू आठ. माझं भाषण मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होतास. मी अडले, तेव्हा ओठसुद्धा न हलवता तू कागद माझ्याकडे वळवलास आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवलंस. ढाल घरी आली, पेढे वाटले गेले, आणि तू कधी कुणाला बोलला नाहीस.

नालछ्यात तू तेच केलंस. टेबलावरचा कागद माझ्याकडे वळवलास आणि वरच्या कोपऱ्यावर, तारखेवर, बोट ठेवलंस. मी माझ्या कागदाचा कोपरा पाहिला. 'मसुदा, हरकतींसाठी.' मी पाहिला, यशू. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. सभा भरवणारे खंडोजी मागून ओरडत होते, "बोलो दीदी, बोलो!" मी त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि बोलत राहिले. आणखी बारा मिनिटं.

तुला मला थांबवता आलं असतं. खरा कागद तुझ्यापुढे होता. तू एक वाक्य बोलला असतास तर त्या चौथऱ्यावर माझी चाळीस वर्षांची पत गेली असती. ते न करता तू स्वतःला खोटं ठरू दिलंस. आणि तू घाबरलास म्हणून गप्प बसलास, असं मी महिनाभर मनाला समजावत होते.

येत्या रविवारी, रथसप्तमीला, नालछ्यात त्याच चौथऱ्यावर मी उभी राहणार आहे. खंडोजींना सांगितलंय. म्हणाले, "दीदी, लोग आपको छोड़ेंगे नहीं." नकोच सोडायला. दोन्ही कागद वाचून दाखवीन आणि अंगठा कुठे होता तेही सांगेन. मग लोकांनी ठरवावं. त्यांनी तरीही नाही म्हटलं तर तो त्यांचा हक्क, पण खरा कागद ऐकून म्हणू देत. फाटा वाचेल का, तुझं टेबल सुटेल का, मला सांगता येत नाही. तुझ्या वरिष्ठांनाही पत्र लिहिलंय. एकही विशेषण न घालता. जमलं बरं का!

ये, असं म्हणत नाही. आलास तर पहिल्या रांगेत बस. मी कुठे घसरले तर या वेळी बोट ठेवू नकोस. उभा राहा आणि मध्येच बोल, सगळ्यांसमोर. हवं तर मॅडम म्हण.

आणि हे पत्र कृतिकाला परत दे. सगळं तिनंच वाचू दे, अडखळत, मोठ्यानं, अंगठ्याची ओळसुद्धा. आत्याची भाषणं तिनं पुष्कळ ऐकली आहेत. हे तिला माझ्याकडूनच कळू दे.

या वेळी तू थांब म्हणताच थांबणारी,
तुझी
अक्का