फळीवरचा दुपट्टा

सोमवार, ५ मे २०२५. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. पोलीस ठाण्यातला मोठा कूलर पाण्याने भरला आणि त्याच्याच शेजारी बसून हे लिहीत आहे. काल भिवापूरहून आलो. इथे शहरात बेसा भागात खोली मिळाली. हवालदार चंपतराव आमच्या गावचे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी मला झिरो पोलीस म्हणून लावून घेतले. झिरोला पगार नाही, वर्दी नाही, कागदावर नाव नाही. पोलिसांची कामे करायची आणि ठाणेदार साहेब खूश राहिले पाहिजेत. काका म्हणाले, पियुष, आधी बारावी कर, मग भरतीत तुले कोण अडवते ते पाहू. आईला फोनवर सांगितले तर आनंदाने रडली.

मंगळवार, ६ मे. काकांनी कोठडीची रीत शिकवली. माणूस आत टाकण्याआधी बेल्ट, करदोडा, बुटांच्या नाड्या, दुपट्टा, सगळे काढून बाहेरच्या फळीवर ठेवायचे. का, असे विचारले तर हसले. आत फास लावून मेला तं आपल्याच बोकांडी बसते ना गा, म्हणाले, साहेबावरबी खुनाचं कलम लागते. इतका जपून वागणारा माणूस मी पाहिला नव्हता.

गुरुवार, ८ मे. दुपारी सौरव नावाचा ई-रिक्षावाला आणला. मोटारसायकल चोरीचा संशय. माझ्याच वयाचा. उन्हासाठी तोंडाला पिवळा दुपट्टा बांधलेला. तो मीच काढला, घडी करून फळीवर ठेवला. जपून ठेव गा भाऊ, म्हणाला, बायकोचा हाय, घरी मार खाईन. मी हसलो.

मग साहेब आणि काका आत गेले. काकांनी कूलर फुल करायला सांगितला. मी केला. पाती घरघरू लागली, तरी आतले ओरडणे ऐकू येत होते. तो पाणी मागत होता. मी ग्लास नेला, काकांनी तो हातातून घेतला आणि मला चहा आणायला पाठवले.

परतलो तेव्हा कूलर बंद होता. फळी रिकामी होती. सौरव खिडकीच्या गजाला लटकत होता, पिवळ्या दुपट्ट्याने.

शनिवार, १० मे. त्याची बायको मेघा फाटकाशी बसून आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारते, दुपट्टा आत कसा गेला. मला विचारले तेव्हा कूलर बंद होता. तरी मला त्याचा आवाज आला.

सोमवार, १२ मे. माझ्या खोलीत कूलर नाही. आवाज आहे. भरदिवसा. पात्यांमागून कोणीतरी पाणी मागते. खिडकीत गडू भरून ठेवला. संध्याकाळी कोरडा. ऊन आहे, आटले असेल. पण गडू पालथा होता.

मंगळवार, १३ मे. सीआयडीचे लोक येऊन गेले. परवा मॅजिस्ट्रेटपुढे माझा जबाब. मी खरे सांगणार. दुपट्टा मी फळीवर ठेवला होता, आत साहेब आणि काका दोघेच होते. काकांना आधी सांगणे योग्य वाटले. ते रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवला. सांग बेटा, मी आहो ना, म्हणाले. जीव हलका झाला.

बुधवार, १४ मे. पानठेल्यावर एक शिपाई म्हणाला, काय गा झिरो, तू तं हिरो झाला! काकांचा जबाब झाला आहे. त्यात मारणारा मी. साहेब बंदोबस्ताला. काका सौरवसाठी पाणी आणायला गेलेले — पाणी! हा पोरगा कोण, कोणी ठेवला, ठाऊक नाही म्हणे.

दुपारी. काका स्वतः न्यायला आले. लोक खवळलेत, आत बस, तुझ्याच जिवासाठी. मी गेलो. काका आहेत म्हणून गेलो.

तीच कोठडी. माझा बेल्ट काढला नाही. नाड्या नाहीत काढल्या. ही वहीही खिशातच राहिली. मीच आठवण करून दिली, काका, बेल्ट राहिला — त्यांनी मान फिरवली.

कोपऱ्यात सौरव पाणी मागतो आहे. थांब म्हटले. थांब भाऊ, माझ्याकडेही नाही —

काका परत आले. उकडते म्हणाले. गजांतून दुपट्टा दिला. पांढरा, नवा. घडीसुद्धा मोडलेली नाही —

मेघाला कोणी सांगा, तिचा दुपट्टा मी फळीवरच —

साहेब आले. काका कोणाला तरी सांगत आहेत, कूलर फुल क