पुढे, पुढे!

३ जून, सकाळ
संकल्प सोडला. लेकीच्या दवाखान्याला संस्कार द्यायचे. ती मुलांची डॉक्टर. हल्ली तिचं नवं खूळ : मूल नुसतं सुई टोचून घरी पाठवायचं नाही. झोपतं कसं, ऐकतं का, बोलतं का, हट्ट किती, सगळं आईला विचारायचं. प्लॅन उत्तम. पण त्यात कविता कुठे आहे? निवृत्त भाषाशिक्षक घरात असताना! उद्यापासून बाहेरच्या बाकावर मी.

४ जून
यशस्वी. स्वरचित 'चांदोबाची शाळा' म्हटली, खड्या आवाजात. लेक आतून ओरडली, "बाबा, आवाज कामी आला!" भरून आलं. नर्सबाई तर हात जोडून "पुढे! पुढे!" करत होत्या. म्हटली पुढची कडवी. दोन बाळं हमसून हमसून रडली. करुणरस.

९ जून
बायकोची कटकट, कानाचं मशीन लावा म्हणून. मला व्यवस्थित ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात. मशीन ड्रॉवरमध्ये सुखरूप.

१२ जून
रसिक सापडली! दोन शेंड्यांची, तिसरं लागलेली चिमुरडी. अजून एक शब्द बोललेली नाही, पण ऐकते काय! नजर माझ्या ओठांवरून हलत नाही. आई बिचारी कासावीस. सासू म्हणते, तूच फोन हातात देऊन मुकी केलीस. लेकीने कानांची टेस्ट सांगितलीय. मी तिच्या आईला म्हटलं, "पोरी, हिचे कान? एवढी तल्लीन श्रोती माझ्या उभ्या नोकरीत भेटली नाही. टेस्ट राहू दे. कविताच हिला बोलती करील." तिला जरा हायसं वाटलं.

२० जून
मायलेकी रोज येतात, कविता ऐकायला. प्रगती : आज तिने माझ्या कवळीला बोट लावलं. साहित्याशी थेट संपर्क.

२८ जून
लेक भडकली. टेस्ट झालीच नाही हे तिला आज कळलं. "बाबा, हे बोलायला शिकायचं वय आहे, ते थांबत नाही! तुम्ही कोण टेस्ट थांबवणारे?" मी म्हटलं, काव्याला घाई चालत नाही. पुढचं सगळं नीट ऐकू आलं. कानाशी येऊन ओरडत होती.

१ जुलै
टेस्ट झाली. कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलंय. पोर तल्लीन नव्हती, हलणारी कवळी बघत होती. छोटं ऑपरेशन करणार. आई रडत-हसत म्हणाली, "आजोबा, माझ्यामुळे नव्हतं हो!" मला जेवण गेलं नाही. कवळी घट्ट करून घ्यायचा विचार आहे. बघू.

१९ ऑगस्ट
ऑपरेशननंतर आज ती प्रथमच माझ्याकडे आली. लेकीची अट : बाकावर बसायचं तर मशीन लावून. लावलं. पंखा किती बडबडतो! कविता सुरू केली. दुसऱ्याच कडव्याला पोरीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला :
"पुले!"
आई तिला कवटाळून ओक्साबोक्शी रडली. लेकीचेही डोळे भरले. मी सर्वांना सांगितलं, पोर 'पुढे' म्हणतेय.
पण हाडाचा भाषाशिक्षक. या वयात जिभेवर 'र'चा 'ल' होतो. 'ढ'चा होत नाही.
म्हणजे नर्सबाईसुद्धा... म्हणजे वर्गातली मुलंही...
घरी येऊन बायकोला विचारलं, तू तरी 'पुढे'च म्हणायचीस ना?
"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'पुरे' म्हणतेय," म्हणाली.
मशीन चांगलं आहे. शब्दन् शब्द ऐकू आला.