विलायती चूल आणि पळसदरीचे गेलेले काम

मी, श्रीमती विमल गोपाळकृष्ण टिपणीस, वय वर्षे ७६, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार दहिवली, कर्जत, माझ्यामागे काय कोणाला द्यावे हे आज राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा, ही सूचना माझी सून ऋजुता हिची.

१. राहते घर व मागचे परसदार माझा मुलगा अजेय यास मिळावे. तो नेरळला सातव्या मजल्यावर राहतो आणि तिथून माथेरानचा डोंगर दिसतो असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. दहिवलीच्या घरातून डोंगर दिसत नाही, पण पाय जमिनीला लागतात.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही अजेयचे. माझ्या पाटल्या ऋजुताला. त्या तिला आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. मलाही आवडत नव्हत्या, पण सासूबाईंनी दिल्या होत्या.

३. यजमानांची कायद्याची पुस्तके माझा भाचा ॲड. अनुपम यास. हे मृत्युपत्र तोच टंकलिखित करीत असून माझी निम्मी वाक्ये गाळू पाहतो. गाळू नयेत.

४. स्वयंपाकघरातील बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, विलायती चूल, तिची भट्टी, पाण्याची टाकी व धुरांड्यासह, श्री. नामा सावळा ठोंबरे, वेल्डिंगवाले, राहणार चौक, तालुका खालापूर, यांना मिळावी. ऋजुता, तू ती टेपने मोजत होतीस ते मी पाहिले आहे. तुझ्या बाल्कनीत ती मनीप्लांट ठेवायला छान दिसली असती, पण ती चूल आहे.

चूल नामाला का, हे अजेयला कळले पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१८ साली माथेरानच्या एका जुन्या बंगल्याचे हॉटेल होत होते. बागेत ही चूल गंजून पडली होती, वर शोभेच्या कुंड्या. मी ती मागितली आणि मालकाने आनंदाने दिली. सामान वाहणाऱ्या दशरथने आधी चुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“बाई, घोडा हाय माझा, रेल्वे नाय.”

तेव्हा मी तिथेच बसून तिचे नटबोल्ट रॉकेलमध्ये भिजवले. चार फेऱ्या मारून, तुकड्या-तुकड्यांनी ती सुटी केली. तुकडे घोड्यावरून, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत आणि पुढे टेंपोने दहिवलीला आले. अजेय म्हणाला, “आई, तुझ्या वयाच्या बायका भजनाला जातात.” मी म्हटले, जाऊ देत, परत आल्या की त्यांना चहा करून देईन.

एका बाजूचा पत्रा तडकलेला होता. बीड सांधायला कोणी तयार होईना. नामाने तो पत्रा हातात घेतला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि “होईल” म्हणाला. कोळशात हळूहळू तापवून त्याने तो सांधला, राखेत पुरला आणि बजावले, “दोन दिवस उघडायचा नाय. एकदम थंड झाला तर परत चिरंल.” मी दुसऱ्याच दिवशी राख उकरून पाहत होते तेव्हा नामा मागे येऊन उभा राहिला. बत्तीस वर्षे मुलांना पकडणारी मी, त्या दिवशी मीच पकडले गेले.

पुढे आम्ही आत भट्टीच्या विटा लावून जाळाची जागा लहान केली, म्हणजे लाकूड कमी लागावे. बाजूला तांब्याची टाकी बसवली. मग धुरांड्यावरून वाजले. नामाचे म्हणणे, नळी सरळ छपरातून काढू. मला कौले काढायची नव्हती. मी दोन वळणे देऊन ती खिडकीतून न्यायला सांगितली.

“बाई, धुराला वळणं आवडत नाय.”

मी त्याला गरम हवा कशी वर चढते यावर पाऊण तास शिकवले. त्याने ऐकून घेतले आणि मी सांगितले तसेच करून दिले.

पहिल्यांदा चूल पेटवली त्या दिवशी मी पंधरा माणसे जेवायला बोलावली होती. दहा मिनिटांत सगळी अंगणात खोकत उभी होती. नानकटाईचा कोळसा झाला. (ऋजुताने त्यातली एक खाल्ली आणि छान झाली आहे म्हणाली. पाटल्या तिला त्यासाठीच.) पाहुण्यांत हर्षला होती, माझी जुनी विद्यार्थिनी. पळसदरीला ती घर बांधत होती आणि तिथले सगळे लोखंडी काम नामाला देणार होती. डोळे पुसत तिने विचारले, “टीचर, हे धुरांडं कोणी केलं?”

मी म्हणाले, “चौकच्या नामाने.”

यात एक अक्षर खोटे नव्हते. वळणे माझी, एवढेच मी बोलले नाही. पंधरा माणसांसमोर विज्ञानाच्या बाईला ते जमले नाही. हर्षलाने काम दुसऱ्याला दिले.

आठवड्याने नामा न बोलावता आला, छपरावर चढला, सहा कौले काढून नळी सरळ वर नेली आणि पावसासाठी टोपी बसवली. तेव्हापासून चूल कधी धुरावली नाही. पळसदरीचे नावही त्याने काढले नाही. ते काम गेल्याने त्याचे काय अडले, हे मला त्याची बायको सोनाबाई हिने वर्षभराने सांगितले. “त्या कामाच्या भरवशावर यांनी दुकान वाढवायचं ठरवलं व्हतं. मंग ऱ्हायलं.” तिलाही मी खरे सांगितले नाही. पेरूची पिशवी दिली आणि बसस्टँडपर्यंत सोडले.

म्हणून ही चूल नामाची. दोष माझा होता, हे येथे लेखी कबूल करते.

५. (हे कलम आज सकाळी वाढवले आहे.) साक्षीदार म्हणून मी नामालाच बोलावले होते. अनुपम म्हणाला, “मामी, ज्याला काही द्यायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्या देण्यावर उद्या वाद होऊ शकतो.” मग नामाने विचारले, “मला काय देताय?” कलम चार वाचून दाखवण्यावाचून इलाज उरला नाही.

नामा म्हणाला, “बाई, हे तुमी मेल्यावर वाचणार व्हय? तवा तुमाला कोण काय बोलंल?”

“म्हणूनच तसं लिहिलं रे.”

“ते कळलं मला. फोन लावा.”

मी हर्षलाला फोन लावला. उभी राहून बोलले. बसून जमेना. वळणे माझी होती, नामा नको म्हणत होता, तुझ्यासमोर मी गप्प बसले, असे तीन वाक्यांत सांगितले.

मग ती म्हणाली, “टीचर, सात वर्षं?” आणि तिने नामाचा नंबर मागितला.

“नंबर देऊ नका,” नामा म्हणाला. “दुकान चौकला हाय. येऊ द्या त्यांना.”

ती येईल की नाही, मला माहीत नाही. नामा माझ्यावर रागावला आहे, आणि चूल घेईन असेही म्हणाला आहे. दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात सांगितल्या. कलम चार कायम ठेवावे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली. कायद्याने नामा याचा साक्षीदार नाही. सही होईपर्यंत तो समोर बसून होता, आणि माझे पेन थांबले तेव्हा “करा बाई, करा” असे म्हणाला.

ठिकाण : दहिवली, कर्जत, जि. रायगड
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

(सही) विमल गोपाळकृष्ण टिपणीस

साक्षीदार :
१. (सही) जयवंता हरी मोकल, शेजारी
२. (सही) डॉ. सुरभी राणे, दाखला देणाऱ्या